रात्री मोजा, शहरं नकोत

संपादक साहेब, नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की रविवारच्या पुरवणीत ‘10 दिवसांत 6 देश’ छापाच्या जाहिराती सुरू होतात. त्या वाचून माझ्या नणंदेनं मला फोन केला की वहिनी, पहिल्यांदाच युरोपला चाललोय तर किती दिवस काढू, तुम्ही जाऊन आलाय ना. आलोय खरं, पण कसं ते सांगते.

आम्ही दोघांनी स्वतःच सगळं ठरवलं होतं, यांच्या ऑफिसची रजा तेवढीच म्हणून 8 रात्री. त्यात पॅरिस 2, स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन 2, व्हेनिस 1, फ्लॉरेन्स 1, रोम 2 असं कोंबलं, कारण एवढा व्हिसाचा आणि विमानाचा खर्च होतोच आहे तर सगळंच बघून घेऊ, परत कोण येतंय. अष्टविनायक दोन दिवसांत उरकणारी माणसं आपण, हीच सवय तिकडे नेली.

सोमवारी सकाळी पॅरिसला उतरलो, हॉटेलची खोली दुपारी 3 ला मिळणार, रात्रभर विमानात झोप नाही, मग बॅगा रिसेप्शनला टाकून जवळच्या बागेत बाकावर पेंगत बसलो, तो दिवस तसाच गेला. मंगळवारी लूव्हर संग्रहालयात गेलो तर दार बंद, मंगळवारी त्यांची सुट्टी असते हे सगळ्या जगाला माहीत, आम्हाला नाही (चूक आमचीच). बुधवारी सकाळी बॅगा ओढत स्टेशन, झुरिकपर्यंतच 4 तास, पुढे गाडी बदला, इंटरलाकेनला हॉटेलात टेकेपर्यंत संध्याकाळ. गुरुवारी युंगफ्राउयोखला, म्हणजे तिथल्या बर्फाच्या डोंगरावर गाडीनं गेलो, 3,454 मीटर उंची, तिकीट काढताना हात थरथरला, आणि वर नुसते पांढरे ढग, समोरचा माणूस दिसेना. शुक्रवारी सकाळी आम्ही स्टेशनवर उभे आणि आभाळ निळंशार, सगळी शिखरं चमकताहेत! एक दिवस हाताशी असता तर परत गेलो नसतो का. खरं तर वर काय दिसतंय ते कॅमेऱ्यानं नेटवर लाइव्ह दाखवतात, सकाळी ते बघून मगच निघायचं असतं, पण त्यासाठी दिवस इकडचा तिकडे करता यायला हवा. पुढचं व्हेनिस आणि फ्लॉरेन्स म्हणजे पंढरपूरला मुखदर्शनाच्या रांगेतनं पुढे ढकलावं तसं झालं. फ्लॉरेन्समधलं मला आता फक्त एका जिन्यावर बॅग चढवलेली आठवते.

घरी आल्यावर वहीत हिशेब मांडला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एका गावात 2 रात्री राहिलं तर पूर्ण दिवस 1 च मिळतो, 4 राहिलं तर 3. म्हणजे एकूण रात्रींतनं गावं वजा करायची. आमचे 8 वजा 5, पूर्ण दिवस 3 फक्त! त्याच 8 रात्री तीन गावांत काढल्या असत्या तर 5 मिळाले असते, तेही रजा न वाढवता. दिवस वाढवायचे म्हटलं की हॉटेल आणि जेवणाचा खर्च वाढतोच, सगळ्यांना ते झेपत नाही, पण गाव कापायला पैसे लागत नाहीत.

नणंदेला म्हटलं, जमत असेल तर 12 रात्री काढ, पॅरिस 4, इंटरलाकेन 4, रोम 4. शिवाय विमानाचं तिकीट जाताना पॅरिसचं आणि येताना रोमहून काढ, मल्टी-सिटी म्हणून मिळतं. आम्हाला हे माहीत नव्हतं, परतीसाठी रोमहून पुन्हा पॅरिसला उडालो, पैसे गेले आणि दिवसही. व्हिसाच्या आधीच हे सगळं पक्कं करावं लागतं कारण शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज ज्या देशात जास्त मुक्काम त्याच देशाकडे करायचा असतो (आमच्या इटलीत 4 रात्री म्हणून इटलीकडे, उतरलो पॅरिसला तरी), आणि मुक्काम सारखाच असेल तर जिथं पहिल्यांदा पाऊल ठेवणार त्या देशाकडे. अर्ज 6 महिने आधीपासून करता येतो, निदान 15 दिवस आधी तरी करायलाच हवा, पण एवढ्या काठावर कोणी जाऊ नये.

आता नणंदेच्या घरी व्हेनिसवरून भांडण लागलंय, भाचीला तिथं फोटो हवेतच. रोमची एक रात्र कमी करून घालू का म्हणतात. घाला म्हटलं, पण मग पूर्ण दिवस 9 चे 8 होतील, तेवढं तिला वहीत मांडून दाखवा.

तुम्हाला विनंती एवढीच, या जाहिराती छापताना देश किती ते मोठ्या अक्षरात असतंच, त्याखाली कुठल्या गावात किती रात्री आणि बसमध्ये एकूण किती तास हेही कंपन्यांना छापायला सांगा.

– एक वाचक, सांगली