जंगी पलटणीतले आमचे बाबा

माझे वडील, मराठा लाइट इन्फंट्रीचे निवृत्त हवालदार, गेल्या महिन्यात खानापूर तालुक्यातील आमच्या गावी वारले. १९७१ च्या डिसेंबरात त्यांची पहिली बटालियन, म्हणजे १७६८ साली उभी राहिलेली जंगी पलटण, भारत-पाक युद्धात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या (आताच्या बांगलादेशातल्या) जमालपूरला लढली. लढाईबद्दल ते फारसं बोलत नसत. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमधल्या ट्रेनिंगच्या गोष्टी मात्र रंगवून सांगत. पेन्शनीवर त्यांनी आम्हा तिघी बहिणींना शिकवलं, भातलावणीला स्वतः चिखलात उतरले. ‘पोरींना एवढं कशाला शिकवता?’ म्हणणाऱ्यांशी वाद घातला नाही, फी वेळेवर भरली. त्या युद्धातले जवान आता सत्तरीपार गेलेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात नोंदवण्याचं काम सीमाभागातील वाचनालयांनी आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी लगेच हाती घ्यावं, ही कळकळीची विनंती.

– एका जवानाची लेक, खानापूर (जि. बेळगाव)