ठमे, थँक्यू! (मामाकडून, सगळ्यांसमोर)

प्रिय ठमाबाई,

हे पत्र फॅमिली ग्रुपवर टाकलं असतं तर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं गेलं असतं, म्हणून इथे लिहितोय. तुझ्या आईला आधी वाचून दाखवलंय, मावशींनाही विचारलंय, त्या म्हणाल्या लिही पण नावं नको. म्हणून तुझंही नाव नाही, ठमी म्हणजे ठमीच.

तर गोष्ट सुरू झाली पॅन कार्डापासून. आईचे दिवस होऊन महिना झाला होता आणि बँकेसाठी तिचं पॅन कार्ड काही सापडत नव्हतं, शोधता शोधता मी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली आणि त्यात लुगड्याच्या घडीत पोस्टाचं एक पासबुक मिळालं, 1971 चं, त्यावर जे नाव होतं ते ना तिचं माहेरचं होतं ना आमच्याकडचं. म्हणजे आपल्याकडे लग्नात बायकोचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहितात, ते माहितीच आहे, आईचं पण बदललं होतं. पण हे तिसरंच. आडनावसुद्धा तिसरं. सही मात्र तिचीच, त्या 'म' च्या पोटातली गाठ मी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं बघितलीय.

मी तडक मावशींकडे गेलो. (वाचणाऱ्यांसाठी, या सख्ख्या मावशी नव्हेत, आईच्या गावच्या, शाळेपासूनची मैत्रीण, आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्याला.) आणि दारातूनच विचारलं, काय लपवलंत तुम्ही दोघींनी? त्यांनी पदराचं टोक तोंडावर दाबलं आणि आत जाऊन कुकर लावला. पुढचे दोन आठवडे मी त्यांच्याशी धड बोललो नाही. लाज वाटते आता.

तेव्हा तू सुट्टीला आली होतीस आणि म्हणालीस, मामा तू कार्टून बघ. मी म्हटलं मला आत्ता कार्टून बघायचा मूड आहे का. पण तू लॅपटॉप मांडीवर ठेवलासच, स्टीव्हन युनिव्हर्स, आणि आधी दोन संध्याकाळ निवडक भाग दाखवून मला तयार केलंस, कारण तुझ्या मते डायरेक्ट तो भाग दाखवणं म्हणजे पाप. खरं सांगू, पहिल्या दिवशी मला काहीच झेपलं नाही, बेंबीत रत्न असलेला पोरगा स्टीव्हन, सगळे मधेच गाणी म्हणतात, गार्नेटला तर मी 'ती चष्मेवाली' म्हणत होतो. एवढं कळलं की पोराच्या आईचं नाव रोज, ती त्याच्या जन्मासाठी स्वतः नाहीशी झाली, घरात दारावर तिचा मोठा फोटो, आणि जो तो म्हणणार तुझी आई थोर, तुझी आई थोर. आपल्याकडे हारासकट तेच. मग हळूहळू कळतं की रोजने पिंक डायमंडला, म्हणजे त्या रत्नवाल्यांच्या एका राणीला, मारलं म्हणे, आणि त्या खुनासाठी या पोरावर खटलासुद्धा चालतो, आईचा गुन्हा पोराच्या डोक्यावर.

आणि मग तो भाग. अ सिंगल पेल रोज, 7 मे 2018 ला तिकडे अमेरिकेत लागलेला, जेमतेम अकरा मिनिटांचा. सुरुवात कशाने, तर पर्लचा, म्हणजे रोजच्या जुन्या सोबतिणीचा, मोबाईल हरवलाय! तिने तो स्वतःच्या कपाळावरच्या रत्नात ठेवलाय आणि आता सापडत नाहीये, म्हणून स्टीव्हन आत शिरतो. आत एक पर्ल, सगळं नीट लावून ठेवलेलं, तिच्या आत दुसरी पर्ल रडतेय, तिच्या आत युद्धातली, आणि सगळ्यात तळाशी ती गोष्ट. रोजने पिंक डायमंडला मारलंच नव्हतं कारण रोज हीच पिंक डायमंड होती, आणि रोजचं रूप घेऊन तलवार चालवणारी पर्ल होती, सगळं नाटक. आणि पिंकचा शेवटचा हुकूम, हे कुणाला कळता कामा नये. त्यासरशी पर्लचे दोन्ही हात तोंडावर जातात.

तिथे तू स्पेसबार दाबलास. काही बोलली नाहीस. स्क्रीनवर ते हात तसेच, आणि मला दिसला पदर.

मग म्हणालीस, "मामा, तिला सांगायचं नव्हतं असं नाहीये रे, तिला सांगताच येत नव्हतं. आणि स्टीव्हन काय जाब विचारायला आत गेला होता का? फोन शोधायला गेला होता."

दुसऱ्या दिवशी मी पासबुक घेऊन खाली गेलो. मावशी मेथी निवडत होत्या, मी पण बसलो, अर्धी जुडी झाल्यावर म्हटलं, मावशी, ही सही आईचीच ना? त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवलं त्या 'म' वरून, आणि म्हणाल्या, "तुला दिसलंच आहे तर मग मी सांगितलं असं काही होत नाही." आणि तीन तास बोलल्या, मेथी तशीच सुकली.

आईचं आधी एक लग्न झालं होतं. आठ महिने. तो माणूस तापाने गेला, ही वीस वर्षांची. नंतर आमच्या बाबांनी सगळं माहीत असून लग्न केलं, पण मुलांना कळू द्यायचं नाही ही अट बाबांची नव्हती गं, आईची स्वतःची. मावशींनी ती पन्नास वर्षं पाळली. आईने त्या आठ महिन्यांत शिवणक्लासचे पैसे साठवून पासबुक काढलं होतं, शेवटची नोंद सतरा रुपयांची. ती शिवायला बसली की तंद्री लागायची ना तिची, आम्ही चिडवायचो, आता चिडवता येणार नाही.

तू म्हणतेस रोज स्वार्थी होती, सगळ्यांना खोट्यात ठेवून निघून गेली आणि निस्तरायला पोराला ठेवलं. कार्टूनपुरतं मान्य, त्या सॅफायरचं (गार्नेट ज्या दोघींची बनते त्यातली एक) रोजवर चिडणं मला पटलं. आजीच्या बाबतीत मी अजून भांडतोय स्वतःशीच. रागही येतो कधीकधी, मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं म्हणून.

असो. पॅन कार्ड देवघराच्या खणात पोथीखाली मिळालं.

आणि मावशींना मी पर्लबद्दल सांगितलंय. त्या विचारत होत्या त्या पोरीचं पुढे काय झालं, बोलली का ती. तर दिवाळीला येताना लॅपटॉप आण, आणि तो छोटा स्पीकर पण, मावशींना ऐकायला कमी येतं.

तुझा,
मामा