टॉवेलच्या गावात दोघींत एक टॉवेल

शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात माझी आत्या राहते. तिच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज दिसली म्हणून तक्रार केली, तर 'वयोमानाने खाज सुटतेच' म्हणून बोळवण केली. दोन खाटांमध्ये एकच ओलसर टॉवेल, तोही सोलापुरात! खरूज एकाला झाली, तरी खोलीतल्या सगळ्यांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवावे लागते. एकटीला मलम चोपडून भागत नाही. तक्रार वहीत लिहून पोच देण्याची साधी पद्धतही तिथे नाही. वर 'मग घरी न्या' असे ऐकवतात, त्यामुळे बाकीचे नातेवाईक गप्प बसतात. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे. तिचा फलक प्रत्येक वृद्धाश्रमात दर्शनी भागात लावणे जिल्हा प्रशासनाने सक्तीचे करावे.

– एक वाचक, सोलापूर