मीठ आणि काडतुसं

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात बायका काय करत होत्या, असं बाबांनी विचारलं होतं. जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मी मिठापासून सुरुवात करते, आईला ते चटकन कळेल.

दक्षिणेत, म्हणजे गुलामगिरी टिकवायला देशातून फुटून निघालेल्या राज्यांत, खारवलेलं डुकराचं मांस हा रोजच्या जेवणाचा आधार. थंडी पडली की डुक्कर कापायचं, तुकड्यांना मीठ चोळून काही आठवडे मुरवायचे, मग धुरीच्या खोलीत टांगायचे. मीठ कमी पडलं किंवा मध्येच ऊब आली, तर मांस हाडालगत नासतं आणि वरून पत्ताही लागत नाही. पुष्कळसं मीठ जहाजांनी बाहेरून यायचं. एप्रिल १८६१ मध्ये उत्तरेकडचे अध्यक्ष लिंकननी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि ते आटलं. (बाबा, तिथला कापूस अडकला तो याच नाकेबंदीत, आणि म्हणून आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला.)

मग बायकांनी धुरीच्या खोलीची जमीन खणली. वर्षानुवर्षं मांसातून ठिबकलेलं खारं पाणी त्या मातीत मुरलेलं होतं. माती पिंपात भरायची, वरून पाणी ओतायचं, खालून झिरपेल ते कढईत आटवायचं, वर येणारा मळ काढत राहायचं. उरायचं ते मीठ मातकट, पण मांसाला चालायचं. मोठ्या मळ्यांवर हे खणणं-आटवणं गुलाम स्त्रियांच्याच वाट्याला यायचं. मालकिणींच्या काटकसरीची वर्णनं वाचताना हे विसरू नये.

शहरात वेगळीच तऱ्हा. दक्षिणेची राजधानी रिचमंड, तिच्याजवळच्या ब्राउन्स आयलंड या बेटावर काडतुसं बनवायला मुख्यतः गरीब घरच्या मुली होत्या, काही तर दहा-बारा वर्षांच्या. लाकडी दांडीवर कागद गुंडाळून नळी करायची, त्यात गोळी आणि मोजून दारू भरायची, तोंड दुमडायचं. १३ मार्च १८६३ रोजी तिथे स्फोट झाला. तोफेची दारू पेटवणारी प्रायमर घर्षणानेच पेट घेते. तशी एक लाकडी फळीत अडकली. मेरी रायन या तरुणीने ती सुटावी म्हणून फळी टेबलावर आपटली. एकाच दालनात अनेक कामं चालायची आणि हवेत दारूची धूळ. चाळीसहून जास्त जणी-जण गेले. कारखाना लवकरच पुन्हा सुरू झाला, आणि कामाला मुली मिळाल्याही, कारण घरी पीठ नव्हतं.

वीसच दिवसांनी, २ एप्रिलला, त्याच रिचमंडमध्ये शेकडो बायका गव्हर्नरकडे भाकरी मागायला गेल्या. समाधान झालं नाही तेव्हा कुऱ्हाडी घेऊन दुकानं फोडली; पीठ, मांस, बूट, मिळेल ते नेलं. दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिसनी खिशातले पैसे गर्दीत फेकले आणि पांगला नाहीत तर गोळीबार करू, अशी धमकीही दिली. पुढे शहराने गरिबांना स्वस्त धान्य द्यायची सोय वाढवली. त्या बायकांना नुसत्या दंगेखोर म्हणणं मला पटत नाही.

आई, गुडघ्याचा शेक चुकवू नकोस.

तुमची लेक