काकांचीच गोळी

प्रिय सुन्या,

चार महिने झाले, तुझ्या मेसेजला उत्तर नाही, रागावला असशील तर खुशाल शिव्या घाल. आमच्याकडं बरं, आईचे गुडघे आहेत तसेच.

दादाला फॅटी लिव्हर निघालं बघ. फायब्रोस्कॅनला बरगडीच्या फटीत मशीन टेकवून टिचकी मारल्यासारखं टक् टक् करतात, हा प्रत्येक टिचकीला माझ्याकडं बघत होता. लिव्हर थोडं कडक झालंय. मग डॉक्टर म्हणाले, एका गोळीची ट्रायल चालू आहे, येणार काय? कागद कन्नड आणि इंग्रजीत, मराठी नाहीच, मी बाकावर बसून एकेक ओळ सांगत गेलो आणि दुसऱ्या पानावर आलं, रिफॅक्सिमिन. जीभच अडकली रे. लिव्हर बिघडून काका भलतंच बडबडायला लागले त्या रात्री खडेबाजारात शटरं वाजवत आपण हीच शोधत फिरलो ना? दादा विचारतोय पुढं काय लिहिलंय, मी म्हटलं थांब, चष्मा पुसतो.

डॉक्टरांनी नीट सांगितलं. ही अँटिबायोटिक रक्तात फारशी उतरत नाही, आतड्यातच राहते, आणि आतड्यातलं रक्त सरळ लिव्हरला जातं, सोबत जंतूंचं विषही, म्हणून जंतू आवरले तर लिव्हरची सूज उतरते काय ते बघायचंय. इंग्लंडात 15 जणांना सहा आठवडे दिली, काही फरक नाही. इजिप्तात 50 जणांवर सहा महिने बघितलं, तिथं फरक पडला. त्यात दादाला खरी गोळी मिळणार की औषध नसलेली, तेही कळणार नाही. आणि उगाच अँटिबायोटिक खाऊन जंतू निर्ढावले तर? वजन सात ते दहा टक्के उतरलं तरी लिव्हर सुधारतं म्हणे, पण हा तिसऱ्या गेटपर्यंत चालतो आणि येताना गोड कुंदा घेऊन येतो. तू असतास तर डबाच हिसकावला असतास, कुंद्यावर तुझा डोळा कायमचाच.

खरं बोलायचं ते वेगळंच. गल्लीत लोक विचारतात, दादा घेतो काय की? त्यानं जन्मात थेंब घेतला नाही. आणि काकांच्या दहाव्याला मी तुला हेच विचारलं होतं. तू वर्षभर बोलला नाहीस आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो, सुन्याला मस्ती आलीय. चुकलं रे माझं. काकांना शुगर होती, पोट होतं, दारू नव्हती.

वहिनी बरी? पिंकीची दहावी ना यंदा?

सोमवारी सही करायचीय, दादा म्हणतो तू म्हणशील तसं. ती गोळी चालू केल्यावर काका दोन दिवस माणसं ओळखायला लागले होते, तुला हाक मारली होती, मला बरोबर आठवतंय ना? सोमवारच्या आत फोन कर.

तुझा,
बाळ्या