बटण बंद करायला शिपाई पुरे?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला 'स्मार्ट' इमारतींवरचा लेख वाचला. लेखकमहाशयांची लेखणी खुमासदार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 'बटण बंद करायला शिपाई पुरे, त्यासाठी लाखोंचे सेन्सर कशाला' हा त्यांचा सवाल वाचल्यापासून डोकं तापलंय. मोठ्या इमारतीची यंत्रं असतात त्या प्लांट रूममध्ये ते कधी डोकावले तरी आहेत का?

दिव्यांचं काय घेऊन बसलात! ऑफिसच्या टोलेजंग इमारतीत बिल फुगवतं ते वातानुकूलन. पाणी गार करणारे चिल्लर, ते फिरवणारे पंप, उष्णता बाहेर टाकणारे कूलिंग टॉवर आणि मजल्यामजल्यावर गार हवा फेकणारे एएचयू. यांचं बटण शिपायाच्या टेबलाजवळ नसतं. आणि प्रश्न नुसता चालू-बंदचा नसतोच, कुठे किती चालवायचं याचा असतो. एका मजल्यावर मीटिंगची गर्दी, दुसऱ्यावर निम्म्या खुर्च्या रिकाम्या, तरी हवा दोन्हीकडे सारखीच फेकली जाते. पंख्याचा वेग पाचव्या हिश्शाने कमी केला तर त्याला लागणारी वीज जवळपास निम्म्यावर येते. सेन्सर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) मिळून हा वेग दिवसभर कमीजास्त करत राहतात. शिपायाने हे करायचं म्हणजे त्याने जिन्यातच मुक्काम ठोकायला हवा. बेसमेंट पार्किंगचे एक्झॉस्ट पंखेही तसेच. कार्बन मोनॉक्साईड वाढला तर जोरात चालायचे, हवा साफ झाली की मंद व्हायचे. सेन्सर नसेल तिथे ते रिकाम्या पार्किंगमध्ये रात्रभर घरघरत असतात.

माझी सगळी नोकरी दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या ऑफिस टॉवरच्या तळघरात गेली. नाव घेत नाही, ओळखीची मंडळी अजून तिथे कामाला आहेत. एका वर्षी दिवाळीच्या जोडून आलेल्या सुट्टीनंतर ऑफिस उघडलं. इमारत तापून भट्टी झालेली. पहाटे यायचा ऑपरेटर लोकल रखडल्यामुळे अडकला आणि पोचला तेव्हा वरच्या मजल्यांवरून फोनवर फोन सुरू झाले होते. बिचाऱ्याने घाबरून सगळं एका दमात चालू केलं. स्टँडबायसकट सगळे चिल्लर, सगळे पंप, सगळे मजले. अर्ध्या तासात एमडी, म्हणजे मॅक्सिमम डिमांड, वीज कंपनीशी केलेल्या करारातल्या डिमांडच्या वर! ज्यांना फक्त घरचं बिल माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो: असल्या ग्राहकाचं मीटर नुसती युनिटं मोजत नाही, महिन्यातल्या सगळ्यात जास्त मागणीचा अर्धा तास पकडून ठेवतं. डिमांड चार्ज त्यावर, आणि करारापेक्षा वर गेलात तर दंड वेगळा. बाकी महिनाभर काटकसर केलीत तरी तो आकडा खाली येत नाही.

खुलासा कुणाकडे मागितला? सुपरवायझरकडे, म्हणजे माझ्याकडे. मी खुलाशाला ऑटोमेशनचा जुनाच प्रस्ताव जोडून दिला. उत्तर आलं, बजेट नाही. त्याच वर्षी लॉबीतली धडधाकट फरशी उखडून इटालियन मार्बल बसवलं, ते कोणत्या बजेटमधून ते विचारायची सोय नव्हती.

पुढे मॅनेजमेंट बदललं आणि बीएमएस, म्हणजे सगळी यंत्रं संगणकावरून सांभाळणारी यंत्रणा, आली. बाहेरची हवा आणि आतलं तापमान बघून चिल्लर पहाटे कधी सुरू करायचा हे तीच ठरवू लागली, तेही एकामागून एक. एमडी वर चढू लागला की काही एएचयूंचे पंखे थोडा वेळ मंद करायची. वर बसलेल्यांना पत्ताही लागत नसे. आधीच्या लॉगबुकात रात्रपाळीचे आकडे कसे असायचे माहीत आहे? दोन, तीन, चार, पाच वाजता चिल्ड वॉटरचं तापमान ७, ७, ७, ७. एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात, पहाटेच्या चहाआधी एका बैठकीत भरलेले! संगणकाला झोप येत नाही. चिल्लरची उष्णता काढून घेणाऱ्या कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार धरायला लागला की स्क्रीनवरच्या आलेखात दिसायचं. पूर्वी ते मशीन ट्रिप होऊन बंद पडल्यावर कळे.

लेखकमहाशयांना परदेशी दाखल्यांची आवड दिसते. मग १९३१ साली बांधलेल्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचा दाखला त्यांनी का टाळला? २००९ नंतर तिथे जी दुरुस्ती झाली तिचं उद्दिष्ट ऊर्जावापर ३८ टक्क्यांनी उतरवण्याचं होतं. त्यात खिडक्या आणि चिल्लरचं काम होतं, तसंच कंट्रोल यंत्रणेचंही होतं.

एक मात्र लेखकांचं खरं आहे. पुष्कळ ठिकाणी ही यंत्रणा पाहुण्यांना दाखवण्यापुरतीच उरते. पॅनेलवर हॅन्ड, ऑफ, ऑटो असा खटका असतो. जाऊन बघा, निम्मे खटके 'हॅन्ड'वर, म्हणजे यंत्रणा बाजूला आणि कारभार हातानेच. एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) पैसे वाचवलेले, सेन्सर मेलेले, ते बघायला ठेवलेला माणूस कमी केलेला. आणि मोठ्या साहेबांना केबिनमध्ये १८च लागतं, वर अंगात कोट! जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचा नवा एसी सुरू केला की मुळात २४ वरच येतो, एक अंश वाढवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते असं बीईई, म्हणजे सरकारचा ऊर्जाबचत विभाग, कधीपासून सांगतंय. पण साहेबाला कोण सांगणार? यात सेन्सरचा काय दोष? लेखकांनी या साहेबांवर दोन ओळी लिहिल्या असत्या तर टाळ्या वाजवल्या असत्या. ते सोडून राग कुणावर, तर यंत्रावर.

जाता जाता आणखी एक. पावसाळ्यात सोसायटीच्या मीटर रूममध्ये पाणी शिरतं त्याबद्दल मी पत्र पाठवलं होतं. ते आपण छापलंत, आभारी आहे. पण त्यातला नेमका अर्थिंगचा परिच्छेद कापलात, म्हणजे ज्यासाठी पत्र लिहिलं तेच गेलं. शेजारीच ज्योतिषाच्या जाहिरातीला मात्र पाव पान होतं. शिवाय माझ्या नावापुढे 'अभियंता' लावलंत. मी अभियंता नाही. वायरमनपासून चढत सुपरवायझरच्या परवान्यापर्यंत आलो. या वेळी कापायचंच असेल तर एम्पायर स्टेटचं कापा, एमडीचं राहू द्या.

आपला,
एक निवृत्त प्लांट सुपरवायझर, डोंबिवली