शेरूच्या दाढेची गोष्ट

कोल्हापूर,
रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा आमच्या कुत्र्याला, शेरूला दवाखान्यातून नुकतंच घरी आणलं होतं, त्यामुळं धड बोलता आलं नाही. तुझ्या राणीचीही दाढ काढायची म्हणालास, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आमच्याकडं रविवारी तांबडा-पांढरा झाला की नळीचं हाडूक शेरूचं, हे ठरलेलं. तेच नडलं. वरची मोठी दाढ उभी चिरली आणि मुळाशी पू झाला. डोळ्याखाली लिंबाएवढी सूज आली, तर आम्ही समजलो गांधीलमाशी चावली! खाणं चालूच होतं रे, फक्त एका बाजूनं. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तुला मोत्या आठवतो ना? त्याचा दात दुसऱ्या एका दवाखान्यात काढला होता. शुद्धीवर आल्यापासून रात्रभर विव्हळत होता, तोंड फरशीवर घासत होता. तो आवाज अजून कानात आहे. म्हणून या वेळी डॉक्टर म्हणाले, "पूर्ण भूल देणार, शिवाय जबडाही बधिर करणार," तेव्हा मी खोदून विचारलं, दोन्ही कशाला? ते म्हणाले, भुलीनं मेंदू झोपतो, पण दाढ हलवली की नस कळ पोचवतच राहते. ठोके वाढतात, मग भुलीचा गॅस वाढवावा लागतो आणि त्यानं ब्लडप्रेशर उतरतं. नसच बधिर केली की कमी गॅसवर भागतं. शेरूचं वय दहा; मला तेवढंच पटायला पुरे होतं.

मला आत थांबू दिलं. त्यांनी ओठ वर उचलला, तिसऱ्या उपदाढेच्या, म्हणजे त्या मोठ्या दाढेच्या पुढच्या दाताच्या वर बोटानं चाचपून नस बाहेर येते ते हाडातलं भोक शोधलं. सुई त्यातून अलगद आत सरकवली, कारण औषध मागच्या चिरलेल्या दाढेच्या नसेपर्यंत जायला हवं. मग दट्ट्या किंचित मागं ओढला. रक्त आलं नाही, तेव्हाच औषध सोडलं, तेही सावकाश. ब्युपिव्हॅकेन, म्हणजे हे बधिर करायचं औषध, रक्तवाहिनीत गेलं तर थेट हृदयाला बाधतं. किलोमागं 2 मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही म्हणाले. शेरू 18 किलोचा, म्हणजे 36 ही हद्द, आणि लागलं त्याहून कितीतरी कमी. लिग्नोकेन हे बधिर करायचं दुसरं औषध लवकर चढतं पण लवकर उतरतंही. ब्युपिव्हॅकेन चढायला वेळ घेतं, पण चार-सहा तास टिकतं. त्या दाढेला तीन मुळं, म्हणून तिचे तीन तुकडे करून काढली. मॉनिटरवरचे ठोके जागचे हलले नाहीत.

शुद्धीवर आला तो शेपूट हलवत. विव्हळणं नाही, तोंड घासणं नाही. मी तिथंच रडलो.

राणी पग आहे, म्हणून एक नक्की विचार. चपट्या तोंडाच्या कुत्र्यात सुई सरकवतात तो हाडातला बोगदा फार आखूड असतो, मागं लगेच डोळा. सुई किती आत न्यायची, हे डॉक्टरांशी आधीच बोल. आणि बधिरपणा उतरायच्या आत दुखण्याचं औषध सुरू करायचं, तेही डॉक्टरांनी दिलेलंच. आपल्या घरातली गोळी चुकूनही देऊ नकोस.

तारीख ठरली की कळव. आदल्या रात्रीच्या गाडीनं येतो.

तुझाच,
शेरूचा बाप